दाजींचा सूर

९ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

शाळा सुरू झाली. यंदा संगीताचा वर्ग तळमजल्यावरून उचलून वर, प्रयोगशाळेच्या शेजारी टाकलाय. रसायनाच्या बाई पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मुली वरच्या पट्टीत गेल्या की माझ्या काचनळ्या थरथरतात." मी म्हटलं, "बाई, तुमच्या गॅसचा वास आम्ही सोसतो, आमचा आवाज तुम्ही सोसा." त्या हसल्या. म्हणजे वर्ष बरं जाईल.

या रविवारी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात 'घाई कशाला' हे गाणं घेतलंय. न घेऊन करतो काय? बसचा वाहक तिकीट फाडताना तेच म्हणतो, आमच्या मुख्याध्यापिका जिना चढताना तेच गुणगुणतात, आणि मी वर्गात पाय ठेवण्याआधी चाळीस मुली बाकांवर तोच ठेका धरून बसलेल्या असतात. 'ऐक ना जरा, थांब ना जरा, घाई कशाला.' संपादकांचं म्हणणं, लोकांच्या तोंडात जे आहे त्यावर लिहा. मी गाणं बसून ऐकलं. सा, रे, ग, एवढंच. मग लिहिलं, 'तीन सुरांच्या खोलीत थाटलेला हा संसार आहे, चौथा पाहुणा आला तर बसायला जागा नाही.' लिहिलं तेव्हा वाक्य फार आवडलं. छापून आल्यावर तितकं आवडेना. एवढ्या लोकांना जे गाणं धरून ठेवतं त्यात काहीतरी असणारच. ते मला सापडलं नाही आणि मी त्यावर एक चांगलं वाक्य पांघरलं, असं वाटत राहिलं.

तू वाचलंस का? बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. मी सदर लिहितो ते तुला वाचून दाखवतोय असं समजूनच लिहितो, हे तुला माहीत आहे. दोन ओळी तरी टाक. दाजींना नमस्कार. त्यांच्या शिवणकामाचा पसारा अजून तुझ्या पलंगापर्यंत येतो की आता पलंगावरही चढला?

तुझा भाऊ


१८ जून

मास्तर यांस नमस्कार.

अक्षर बघून दचकू नका, दाजीच लिहितोय. तीस वर्षं पत्रं तुमच्या बहिणीने लिहिली आणि खालचा 'दाजींचा नमस्कार' सुद्धा मी तिच्याकडूनच लिहून घेतला. मापाच्या आकड्यांपलीकडे माझा हात कधी गेलेला नाही. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

ताईचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय. काळजीचं काही नाही, हवा बदलली की होतं असं.

लेख मी तिला वाचून दाखवला. मला त्यातलं सा रे ग कळत नाही, मी गायला लागलो की गिऱ्हाईक कापड परत घेऊन जातं. पण पाहुण्याला जागा नाही ते वाक्य झकास. बघा, मी माणसांचे कपडे शिवतो आणि तुम्ही गाणी उसवता. एका घरात दोन्ही धंदे झाले.

शाळांच्या गणवेशांची रांग लागलीय, म्हणून आटोपतं घेतो. पलंगावर सध्या पसारा नाही.

दाजी


२६ जून

दाजींना सप्रेम नमस्कार.

घसा बसला हे समजलं. पण पत्रं काय ती घशाने लिहिते?

मला वाटतं, ती रुसलीय. सुट्टीत येतो म्हणालो आणि आलो नाही. संगीत शिक्षकांच्या मेळाव्यात लोकप्रिय गाण्यांवर बोलायला बोलावलं, मानाचं बोलावणं होतं, मी तिकडे गेलो. तिने माझ्यासाठी चादर धुऊन ठेवली असणार, उशीला नवा अभ्रा शिवला असणार. कळतं मला. ती लहानपणापासून अशीच आहे. राग आला की बोलायची नाही. ताट वाढून पुढे सरकवायची, माझे केस विंचरून द्यायची, पण तोंडातून एक शब्द नाही. आई ओरडायची ते परवडायचं, ताईचं गप्प राहणं मला जड जायचं. अजूनही जातं.

तिला सांगा, रागव, पण लिहून रागव. लेख आवडला नसेल तर तसं लिही. दोन ओळी. तिच्या हाताच्या.

मास्तर


५ जुलै

मास्तर,

तुमचं हे पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. असं कधी केलं नव्हतं.

मी खोटं लिहिलं. घसा बसलेला नाही.

मे संपता संपता एका सकाळी ती खिडकीशी बसून कोटाची काजं करत होती. मी वाकून मशीनला तेल देत होतो. तिच्या हातातली सुई पडली आणि तिने उचलली नाही. मी म्हटलं, "अगं, कुणाच्या तरी पायात जाईल." तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. आवाज तिचाच, पण त्यात एकही शब्द नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली म्हणाले. जीव वाचला. लुळा पडलेला पाय सुधारला, घरात धरून धरून चालते. उजव्या हाताची बोटं अजून आखडलेली आहेत. पण वाचा गेली.

समजतं सगळं. मी गिऱ्हाइकाला उलटसुलट तारीख सांगितली तर टेबलावर चापट मारते. पण बोलायला गेली की एकच शब्द येतो. "ते." पाणी हवं तर ते, पंखा हवा तर ते. मी एकेक वस्तू उचलून विचारतो, हे? मग हे? चुकीची उचलली की तिचे डोळे भरतात. डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली. अक्षरंही येत नाहीत. दवाखान्यातून एक बाई वाचेचे व्यायाम घ्यायला येतात. त्या म्हणतात, धीर धरा.

तुम्ही हे वाचून पिशवी भराल, हे मी जाणतो. येऊ नका. हे तिनेच सांगितलंय. तुमचा फोटो पुढे धरून मी विचारलं, "बोलावू का?" तर तिने तो पालथा घातला. शेजारच्या वहिनी बघायला आल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली, त्या जाईपर्यंत. धाकट्या भावासमोर 'ते ते' करायचं तिला नकोय, मास्तर. एकदा तिला धड बोलता येऊ दे, मग या. फोनही नको. दुकान आणि घर एकाच खोलीत, तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलणं माझ्याने होत नाही. ती झोपली की लिहितो.

दाजी


११ जुलै

दाजी,

पत्र मिळालं त्या दिवशी मुलींना म्हटलं, आज मनातल्या मनात गा. चाळीस मुली गप्प बसल्या. थोड्या वेळाने ती शांतता मलाच सोसवेना. म्हटलं, नाही, मोठ्याने गा.

पिशवी भरली होती. रिकामी केली. तिचं म्हणणं मानतो. रुसव्याचं जे लिहिलं ते पत्र फाडून टाका, तिच्या हाती लागू देऊ नका.

सोबत एक टेप आहे. आई संध्याकाळी म्हणायची ती प्रार्थना मी पेटीवर गायलीय. ताई आणि मी आईच्या दोन बाजूंना बसून म्हणायचो. तिला ऐकवा. शब्द परत यायचेच असतील तर देवाजवळ म्हटलेले आधी येतील, असं मला वाटतं. मी रोज सकाळी बसतो. हल्ली मागणं एकच असतं, म्हणून प्रार्थना लवकर संपते. मग तसाच बसून राहतो.

मास्तर


२४ जुलै

मास्तर,

टेप लावली. तिने डोळे मिटून ऐकली आणि शेवटाला रडली. शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी लावायला गेलो तर माझा हात धरला. नको म्हणाली, म्हणजे मानेने.

आता ऐका. काल समोरच्या चपलांच्या दुकानात रेडिओवर तुमचं ते तीन सुरांचं गाणं लागलं. मी बाही जोडत होतो आणि आपला म्हणत होतो, माझ्या परीने. मागून आवाज आला, "घाई कशाला."

शब्द, मास्तर. स्वच्छ, धुतल्यासारखे.

मी वळलो नाही. वळलो तर थांबेल अशी भीती वाटली. रेडिओवर गाणं संपून बातम्या लागल्या तरी मी बाहीकडे बघत पुन्हा म्हटलं, "ऐक ना जरा, थांब ना जरा," आणि मागून तिने पुरं केलं. मग वळलो. ती स्वतःच तोंडावर हात ठेवून बसली होती. मी विचारलं, "पाणी हवं?" तर म्हणाली, "ते."

व्यायामाच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. अशा छोट्या चालीवर रोजचे शब्द बसवा, डाव्या हाताने ठेका धरा आणि म्हणून घ्या. बाईंना चाल बांधता येत नाही. मला तर विचारूच नका. ते गाणं तुम्ही उसवलंत, आता त्याच कापडातून तिच्या मापाचं काहीतरी बेतून द्या.

दाजी


३० जुलै

दाजी,

पत्र आल्यापासून तेच गाणं ऐकतोय. सदरासाठी ऐकलं तेव्हा मी त्यात काय नाही ते शोधत होतो. आता काय आहे ते बघितलं.

'ऐक ना जरा' सा वरून ग पर्यंत चढतं. 'थांब ना जरा' पुन्हा तसंच. 'घाई कशाला' ग वरून सा ला उतरतं. दोन पायऱ्या वर, दोन पायऱ्या खाली. आजारी माणसालाही झेपेल असा जिना. एकेक तुकडा एका साध्या श्वासात मावतो. आणि नुसतं बोलून बघा, 'ऐक ना जरा'. बोलतानाही आवाज असाच वर जातो. ज्याने ही चाल केली त्याने बोलणंच किंचित ताणून वाळत घातलंय. म्हणून ती बसच्या वाहकाला येते. आईच्या प्रार्थनेत एकेका अक्षरावर चार चार सूर आहेत, शब्द त्यात विरघळून जातो. ताईला तिथे शब्द सापडणार कसा? मी तिला समुद्र पाठवला, तिला तांब्याभर पाणी हवं होतं.

आमच्या गावच्या शाळेत पाढे चालीवर म्हणायचो. मधलाच कुठला आकडा विचारला की मी गडबडायचो. मग पहिल्यापासून चालीत म्हणत यायचो आणि तो आकडा आपोआप जिभेवर उभा राहायचा. ताई वरच्या वर्गात. घरी अभ्यासाला बसलो की ती पायाने ठेका द्यायची. तेच आता उलटं करायचं.

बेतलंय ते असं:

अहो जरा, पाणी जरा, द्या ना मला.
अहो जरा, उशी जरा, सरकवा ना.
अहो जरा, खिडकी जरा, उघडा ना.

तिचा डावा हात तुमच्या हातावर घ्या. प्रत्येक अक्षराला हलकी थाप. आधी दोघांनी मिळून म्हणायचं. मग तुम्ही शेवटचा तुकडा सोडून द्या. तो तिने उचलला की मधलाही सोडा. ही तीन वाक्यं पक्की होईपर्यंत चौथं नको. म्हटल्याबरोबर पाणी हातात द्या, म्हणजे शब्द आणि पाणी एकमेकांना ओळखतील. सूर जमेल तेवढा सांभाळा.

'अहो' पहिलं घेतलं, कारण तिच्या तोंडातून आजवर सगळ्यात जास्त वेळा गेलेला शब्द तोच असणार.

मास्तर


२१ ऑगस्ट

मास्तर,

पाणी मागितलं.

पहिले काही दिवस मी एकटाच बोंबलत होतो. चपलावाला विचारून गेला, दाजी, नाटकात काम मिळालं का? मग एका दुपारी मी 'पाणी जरा' म्हणून थांबलो आणि तिने माझ्या हातावर थाप मारत 'द्या ना मला' म्हटलं. मी पेला दिला. तिने तो हातात धरला, प्यायली नाही, पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. तहान पाण्याची नव्हतीच ती.

आता तिन्ही वाक्यं येतात. उशीचं सगळ्यात पक्कं, दिवसभर उशी सरकवतोय. पूर्वी ती 'अहो' म्हणायची तेव्हा मशीन चालू असलं की मी ऐकलं न ऐकलंसं करायचो. आता पहिल्या 'अ'लाच उभा राहतो. बाई फार खूष झाल्या. तुमचं नाव विचारलं.

तुमच्या टेपसाठी चपलावाल्याकडून आणलेला टेपरेकॉर्डर इथेच आहे, त्यावर आमचं दोघांचं गाणं भरून पाठवतोय. बाहेर कुणाला ऐकवू नका, तुमची नोकरी जाईल.

दाजी


२७ ऑगस्ट

दाजी,

टेप ऐकली. दार लावून ऐकली. तिचा आवाज बारीक झालाय, पण तोच आहे. मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो, वाजवली नाही.

आता मास्तर म्हणून एक सांगू का? रागावू नका. शेवटचा 'मला' सा वर टेकत नाही. तुम्ही त्याच्याही खाली कुठेतरी घसरता, जिथे सूर म्हणून काही नाही, आणि ताईही तुमच्यामागोमाग तिथेच उतरते. वर्गात मी हे रोज बघतो. चुकीचं एकदा घोटलं गेलं की पुढे काही केल्या सुटत नाही. तिला आता नव्याने शिकायचंय, तर पहिल्यापासून नीट शिकू दे. चाल शेवटी घरी यायला हवी. तिन्ही वाक्यं मी पेटीवर शुद्ध म्हणून पाठवतोय. यापुढे हीच टेप लावा, ताईला टेपबरोबर म्हणू द्या. तुम्ही ठेका धरा, मध्ये गाऊ नका.

मास्तर


३० सप्टेंबर

मास्तर,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तुमची टेप लावली. तुम्ही सांगितलं तसा मी गप्प राहून ठेका धरला. तिने टेपकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. थांबली. पहिल्या दिवशी 'अहो जरा' म्हणाली आणि शेवटाला अडखळली. मी टेप मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

मी विचार केला, आपणच शिकावं. ती झोपली की टेपच्या अगदी जवळ बसून तुमचा सा धरायचा प्रयत्न केला. एकदा जमल्यासारखं वाटलं म्हणून सकाळी तिच्यासमोर तसं म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू कुणी परका माणूस माप घ्यायला आलाय.

आता पाणीही येत नाही. उशीही नाही. परवा रेडिओवर 'घाई कशाला' लागलं तेव्हा ओठ हलले, आवाज फुटला नाही. पुन्हा 'ते'. आणि आता 'ते' सुद्धा कमीच. भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाई म्हणतात, होतं असं मधे मधे. पण त्याही माझ्याकडे बघून बोलत नाहीत.

माझाच गळा करंटा, मास्तर. पहिल्यापासून तुम्ही गायला असता तर तिची वाचा सरळ वाटेने आली असती. मी तिला वाकडं शिकवलं, आता सरळ होत नाही. मी म्हणणं सोडलंय. बोलतोही जपूनच.

दाजी


६ ऑक्टोबर

दाजी,

हे पत्र आधी पुरं वाचा, मग काय ते करा.

तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हा दोघांची टेप पुन्हा काढली. या वेळी गाण्याच्या आधीपासून ऐकली. सुरुवातीला तुम्ही म्हणता, "हं, बटण दाबलंय, बोल आता." मग गाणं. मग तुम्ही म्हणता, "थांब, पाणी आणतो." मी पेटी घेतली आणि तुमच्या बोलण्याचा शेवट शोधत बसलो. 'बोल आता' जिथे संपतं ती जागा. 'पाणी आणतो' जिथे संपतं ती जागा. दोन्ही एकच. आणि तुमचा तो घसरलेला 'मला', तोही तिथेच. सा च्या खाली, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे. पेटीत ती जागाच नाही, म्हणून मी म्हटलं, तिथे सूर नाही.

दाजी, तुमचं प्रत्येक वाक्य तिथे येऊन टेकतं. तीस वर्षं ताईने बोलणं संपताना तेच ऐकलंय. जेवलीस का, दार लाव, बस जरा, किती काम करतेस, सगळं तिथेच येऊन थांबलेलं. शब्द शोधत शोधत ती त्याच जागेशी आली होती. मी म्हणालो, चाल घरी यायला हवी. ती घरीच आली होती. मी तिला तिथून उठवून माझ्या घरी नेऊन बसवलं, आणि वर तुम्हाला गप्प केलं.

चूक माझी आहे. तुमच्या गळ्याची नाही.

माझी टेप पुसून टाका. तुम्ही जसे म्हणत होता तसेच म्हणा. मुद्दाम सुरात नको, मुद्दाम बेसूरही नको. आणि तिच्याशी बोला. जपून नाही, नेहमीसारखं. मशीनचं, गिऱ्हाइकांचं, चपलावाल्याच्या चहाड्या, काहीही. तिला तुमच्या वाक्यांचे शेवट ऐकू द्या.

काल वर्गात मी ते वाक्य तुमच्यासारखं म्हणून दाखवलं. मुली फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, हसा, पण हे काय आहे ते सांगा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, घरी आल्यावर माझे बाबा असं बोलतात." मी फळ्यावर सा रे ग लिहिलं होतं ते तसंच राहू दिलं आणि त्याच्याखाली एक मोकळी रेघ ओढली. त्या गाण्यावर मी पुन्हा लिहिलंय. या रविवारी येईल. त्यात एकही टाळी घेणारं वाक्य नाही. संपादक म्हणाले, जरा कोरडं झालंय. होऊ दे.

इतकी वर्षं रोज सकाळी मी सूर नीट लावून मगच प्रार्थना म्हणतो. आज देवाजवळ बसलो तेव्हा वाटलं, तो सूर तपासत नसावा.

मास्तर


११ नोव्हेंबर

मास्तर,

तुमचं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं, माझ्या गळ्याच्या वर्णनासकट. पट्ट्यांच्या मधे जागा नाही, तिथे आलो तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं, पण खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. हसत होती.

टेप पुसली. म्हणजे तिच्यावर चपलावाल्याने दुसरीच गाणी भरली, तो म्हणाला, कोरी का ठेवायची. त्या दिवशी संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसलो आणि म्हटलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं. काही नाही. पण बोलत राहिलो. एका गिऱ्हाइकाला सदऱ्याला सहा खिसे हवेत, हे सांगत होतो. सांगता सांगता तिचा डावा हात आला आणि माझ्या हातावर बसला. मी विचारलं, "म्हणू?" तिने थाप मारली.

हळूहळू सगळं परत आलं. आधी उशी, मग पाणी, मग खिडकी. मग पंखा, मग 'दिवा जरा'. मी नवीन बसवायचो, ती घ्यायची. मागच्या आठवड्यात मात्र कमाल झाली. एक गृहस्थ कोट घालून आरशासमोर उभे होते. मी त्यांना सांगत होतो, फिटिंग अगदी बसलंय, साहेब, तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसताय. मागून ठेका आला आणि आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "अहो जरा, बाही जरा, आखूड झाली."

हे मी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही बेतलेलं नव्हतं. तिने स्वतः जोडलं. गृहस्थांनी हात लांब करून बघितला, मी मापाची पट्टी लावून मोजलं. आखूडच होती. गृहस्थ म्हणाले, "तुमचं दुकान खरं कोण चालवतं ते कळलं." मी बाही उसवायला घेतली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुठली शिवण उसवली नाही.

बोटं अजून आखडलेली आहेत. काजं मीच करतो, वाईट करतो. खूप शब्द अजून अडतात. तोंडात आलेला शब्द परत फिरला की ती चिडते, उशी फेकते. ते दिवसही असतात. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

काल रविवार. गाण्यावरचा तुमचा नवा लेख पुन्हा वाचून दाखवला, जूनमधला तोही काढून वाचला. मग मी कागद घेऊन बसलो आणि विचारलं, "मास्तरांना काय लिहू?" सवयीने हात पुढे केला, ठेक्यासाठी. तिने तो बाजूला केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, मी ओठ दाबून धरले. मशीनवर अर्धा शिवलेला सदरा होता, त्याच्याकडे बघत बसलो.

"भाऊला," म्हणाली.

मी लिहिलं, भाऊला. बराच वेळ गेला. मला वाटलं, तेवढंच.

"ये म्हणावं."

चाल नव्हती. थाप नव्हती. नुसतं बोलली, मास्तर.

निघा.

दाजी